वर उभ्या माणसाला हाक न मारणेबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी साहेब,
बांधकाम अपघात चौकशी कक्ष,
दुसरा मजला, रस्त्याकडील खिडकीची खोली,
जालना.

अर्जदार : लालमियाँ वल्द उस्मानमियाँ, वय ६२ वर्षे, धंदा परांची बांधणे (सध्या बंद), रा. बदनापूर, जि. जालना.

विषय : पडलेल्या परांचीचा पुरावा सादर करण्यासाठी ती परांची होती तशीच पुन्हा बांधून दाखविण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) घटनास्थळ पंचनामा, दि. १९ नोव्हेंबर २०२५.
२) आपले पत्र, दि. १९ जानेवारी २०२६.
३) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज. चारही आवक झाले. पुढे काय झाले ते कळाले नाही.

(समासात मागाहून लिहिले : साहेबांना सगळा अर्ज वाचायला सवड नसेल तर शेवटचा परिच्छेद, क्र. ११, आधी वाचावा. बाकीचे सगळे तीन महिने थांबले आहे, आणखी थांबेल.)

महोदय,

सविनय अर्ज सादर करण्यात येतो की, अर्जदारास मराठी लिहिता येत नाही. तो उर्दूत सही करतो, घरी दखनी बोलतो, कामावर मराठी बोलतो आणि साहेबांच्या टेबलासमोर काहीच बोलत नाही. मागील चार वेळा तो आपल्यासमोर उभा राहून, टोपी नीट करून, परत आला. म्हणून हा अर्ज कार्यालयाच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसणारा लिहिणार तातेराव याने अर्जदाराच्या तोंडून ऐकून लिहिला आहे. लिहिणाराचा हात वारसनोंदी आणि शिधापत्रिकेच्या अर्जांवर बसलेला आहे. या अर्जात कुठे भाषा घसरली असल्यास दोष लिहिणाराचा समजावा, अर्जदाराचा नव्हे.

१. अर्जदार त्रेचाळीस वर्षे परांची बांधतो. इमारतीला रंग किंवा गिलावा करायचा असला की तिच्या अंगाला लाकडी बल्ल्या उभ्या करायच्या, काथ्याच्या दोराने आडव्या बल्ल्या आवळायच्या, त्यांवर फळ्या टाकायच्या आणि काम झाले की सगळे सोडून निघून जायचे, असा हा धंदा आहे. जालना आणि बदनापूर मिळून निम्म्या उंच इमारतींना त्याचा हात लागलेला आहे. त्याची एकही खूण कुठे शिल्लक नाही, कारण या धंद्यात खूण शिल्लक राहिली तर काम अर्धवट समजतात. उद्घाटनाला त्याला कोणी बोलावत नाही आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नाही.

२. दि. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी, सोमवारी, बदनापूर रस्त्यावरील ‘शुभमुहूर्त मंगल कार्यालय’ या इमारतीच्या दर्शनी कमानीला गुलाबी रंग देण्याचे काम चालू होते. परांची अर्जदाराने बांधली होती. रंग देणारा अबुबकर, वय ३१, हा अर्जदाराचा जावई, म्हणजे त्याची मुलगी महजबीन हिचा नवरा. खाली रंग ढवळून बादल्या वर पोचवायला कौसल्या नावाची बाई होती, मूळ गाव धावडा, तालुका भोकरदन. याखेरीज मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक गिरिधरराव अधूनमधून येऊन घड्याळ बघत होते. दुसऱ्या दिवशी लग्न होते आणि कमानीचा डावा खांब अजून पांढराच होता.

३. दुपारी अर्जदार जोहरच्या नमाजला गेला. नमाज आणि डबा मिळून पाऊण तास. तेवढ्यात मांडववाल्यांची गाडी आली. फाटकातून आत वळताना तिला परांचीचा तिरपा टेकू आड आला. साहेबांच्या माहितीस्तव, परांची एका अंगाला कलू नये म्हणून खालून तिरपी लावलेली बल्ली म्हणजे टेकू. मांडववाल्यांनी गिरिधररावांना विचारले. कौसल्याने ऐकले त्याप्रमाणे गिरिधरराव म्हणाले, “काढा की. एक लाकूड तर हाय, त्याचं काय घिऊन बसले!” टेकू निघाला, भिंतीला उभा केला गेला आणि गाडी आत गेली. अबुबकर तेव्हा कमानीमागे जेवत होता. जेवून तो वर चढला. त्याला कोणी सांगितले नाही, आणि त्यानेही पाहिले नाही, कारण सासऱ्याने बांधलेली परांची तपासून चढायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

४. त्यानंतर परांची कलली आणि अबुबकर अठ्ठावीस फुटांवरून फरशीवर पाठीवर पडला. (या वाक्यात थोडे राहिले आहे, ते परिच्छेद ९ मध्ये येईल.) ज्या गाडीसाठी टेकू काढला होता त्याच गाडीत त्याला दवाखान्यात नेले, गाडीत झेंडूच्या माळांचे पोते होते, ते त्याच्या डोक्याखाली ठेवले. तेव्हापासून त्याचे कमरेखालचे अंग हलत नाही. महजबीन त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवते. साजिया नावाची चार वर्षांची मुलगी आहे, ती बापाच्या तळव्याला गुदगुल्या करते आणि तो हसल्याचे सोंग करतो. हे अर्जदाराने सांगितले तसे लिहिले, पण लिहिताना लिहिणाराला पेन खाली ठेवावे लागले.

५. आता ज्या गोष्टीमुळे हे सारे बिघडले ती सांगणे भाग आहे. परांची बांधणाऱ्यांच्या धंद्यात तीन कायदे आहेत. पहिला, बांधणाऱ्याने आधी स्वतः वर चढून प्रत्येक फळीवर तीनदा टाच मारायची. दुसरा, वर उभ्या माणसाला खालून हाक मारायची नाही. माणूस हाकेकडे बघतो आणि त्याचा पाय नजरेमागे जातो. बोलवायचेच झाले तर बल्लीवर दोन ठोके द्यायचे. मग तो आधी हाताने बल्ली धरतो आणि नंतर बघतो. तिसरा, परांचीवरून माणूस पडला तर ती परांची त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत उतरवायची, तिचे दोर कापून मातीत पुरायचे आणि बल्ल्या चाळीस दिवस आडव्या ठेवायच्या. हिंदू असो की मुसलमान, बांधणारे सगळे हे पाळतात. एकदा दगा दिलेल्या परांचीवर दुसऱ्या कोणाचा पाय पडू नये, एवढाच त्याचा अर्थ आहे.

हे कायदे कोणत्या अधिनियमाखाली येतात असे आपल्या लिपिकाने विचारले होते. अर्जदाराने उस्तादांचे नाव सांगितले. लिपिकाने उस्तादांचा पत्ता मागितला. उस्ताद सत्तावीस वर्षांपासून कब्रस्तानात आहेत, ते लिपिकाने रकान्यात लिहून घेतले.

६. तर त्या संध्याकाळी अर्जदार दवाखान्यातून परत आला आणि त्याने परांची उतरवली. एकेक गाठ त्याने स्वतः सोडवली, आणि ज्या सुटेनात त्या कापल्या. गिरिधररावांनी हरकत तर घेतली नाहीच, उलट म्हणाले, “रिवाज हाय ना तुमचा, चाचा? मंग पाळा बराबर. दोन माणसं देतो हाताखाली.” अर्जदाराला त्या वेळी ते फार भले वाटले. डोळ्यांत पाणी आणून त्याने त्यांचे हात हातात घेतले, असे तो आज सांगतो आणि स्वतःच्या कपाळावर मारून घेतो. बल्ल्या भाड्याच्या होत्या. जिथून आणल्या त्या वखारीत त्या परत गेल्या आणि त्यांना चाळीस दिवस आडव्या ठेवा म्हणून अर्जदाराने वखारवाल्याला विनवून सांगितले.

७. दि. १८ ला लग्न झाले. दि. १९ ला पंचनामा झाला. पंचनाम्यात लिहिले आहे की, “घटनास्थळी परांची अथवा परांचीचा कोणताही अवशेष आढळून आला नाही. जमीन समतल असून फरशीची आहे. फरशीवर अक्षता व फुलांच्या पाकळ्या आढळल्या. सबब इसम नामे अबुबकर हा समतल जमिनीवर चक्कर येऊन पडला असावा.” गिरिधररावांनी जबाब दिला की रंगकाम आदल्या दिवशीच संपले होते आणि अबुबकर विसरलेला डबा न्यायला आला असता चक्कर येऊन पडला; मांडववाल्यांनीही तेच सांगितले. समतल जमिनीवर चक्कर येऊन पडणाऱ्याचे दोन मणके चुरा कसे होतात, हे विचारायचा अधिकार अर्जदाराला नाही. तो फक्त परांची बांधतो. तरी लिहिणाराने विचारून ठेवले आहे.

महजबीनने बापाला एकदाच विचारले, “अब्बा, कायकू खोले?” म्हणजे, का सोडली तुम्ही ती परांची? अर्जदाराने रिवाज सांगितला. त्यानंतर ती बापाला चहा देते, पण कप त्याच्या हातात न देता शेजारी ठेवते.

८. पंचनाम्यातील एका ओळीवर अबुबकरचे पुढचे सगळे अडले आहे. मणक्याच्या रुग्णांना पुन्हा बसायला-उठायला शिकवणाऱ्या केंद्रात कामगारांसाठी खाटा आहेत. डॉक्टरांनी सांगितले आहे की पहिले सहा महिने महत्त्वाचे, नंतर अंग जसे आखडले तसेच राहते. तीन महिने गेले. खाट मिळण्यासाठी “कामावर असताना उंचीवरून पडला” असा आपला दाखला लागतो. अर्जदाराला दुसरे काहीही नको आहे. गिरिधररावांना शिक्षा व्हावी असेही तो म्हणत नाही. जावयाला निदान हाताला धरून बसवता यावे, एवढ्यासाठी तो बदनापूरहून अकरा वेळा आला आहे.

यावर आपले संदर्भ क्र. २ चे पत्र मिळाले. त्यात तीन गोष्टी आहेत, त्या समजून घेताना लिहिणाराची मती गुंग झाली.

(अ) अर्जदाराने मूळ परांची सादर करावी, अथवा तशीच परांची त्याच जागी बांधून प्रात्यक्षिक दाखवावे. प्रात्यक्षिकाची परांची मात्र सुरक्षा नियमांस धरून, म्हणजे लोखंडी पाइपची, कठडा, जाळी व कमरपट्ट्यासह असावी. साहेब, अबुबकर पडला ती परांची अशी नव्हती, म्हणून तर तो पडला. अशी बांधली तर तिच्यावरून कोणीही पडणार नाही, आणि पंचनामा पुन्हा चक्कर आली असाच होईल. शिवाय मंगल कार्यालयाला मे अखेरपर्यंत लग्नाच्या तारखा आहेत. कमानीजवळ लाकूड दिसले तर वरपक्ष नाराज होतो, असे तिथून कळविण्यात आले.

(ब) अर्जदाराने परांची उतरवून पुरावा नष्ट केला असल्यामुळे चौकशी पूर्ण होईपर्यंत त्याने कोणत्याही परांचीस हात लावू नये. म्हणजे परांची बांधून दाखवायची, पण तिला हात लावायचा नाही. हे कसे करावे याबाबत मार्गदर्शन व्हावे, अशी विनंती मागच्या अर्जात केली होती. दरम्यान त्याला काम देणे सर्वांनी बंद केले आहे.

(क) एकमेव साक्षीदार कौसल्या हिच्या नावे धावडा येथे पाठविलेली नोटीस “सदर इसम गावी राहत नाही” अशा शेऱ्यासह परत आली. तीस दिवसांत साक्षीदार अथवा पुरावा हजर न केल्यास प्रकरण नस्तीबंद करण्यात येईल. ते तीस दिवस उद्या संपतात.

९. हा परिच्छेद लिहू नये असे लिहिणाराने अर्जदारास दोनदा समजावले. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे अर्ज लिहिणे हा लिहिणाराचा धंदा नाही. पण अर्जदार ऐकत नाही. तो म्हणाला, “लिव्हा तातेराव. आतापावतर चार अर्जांत न्हाई लिव्हलं, काय फायदा झाला?” म्हणून लिहिले.

अबुबकरला त्या दिवशीचे काही आठवत नाही. फक्त एक आठवते. शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, “कोन तो बी बुलाए थे मेरेकू.” म्हणजे, आपल्याला कोणीतरी हाक मारली होती. कोणी मारली, असे तो अधूनमधून सासऱ्याला विचारतो, आणि अर्जदार पाण्याचा तांब्या भरायला उठून जातो.

हाक अर्जदाराने मारली होती. नमाजहून परत येताना त्याने फाटकातूनच पाहिले की टेकू भिंतीला उभा आहे आणि जावई वर डाव्या खांबाशी वाकलेला आहे. त्रेचाळीस वर्षे पाळलेला कायदा त्या एका क्षणाला त्याच्या डोक्यातून गेला. बल्ली वीस पावलांवर होती. तिथवर जाऊन दोन ठोके द्यायला हवे होते. तो जागेवरून ओरडला, “अबू!” अबुबकरने वळून पाहिले. वजन बाहेरच्या अंगाला आले, परांची कलली, फळी सरकली. पडता पडता त्याने रंगाच्या हाताने बल्ली धरायचा प्रयत्न केला, पण हात घसरला.

टेकू जागेवर असता तर हजार हाका मारल्या असत्या तरी परांची हलली नसती, असे लिहिणाराचे स्पष्ट मत आहे आणि ते त्याने अर्जदाराला दहा वेळा सांगितले. अर्जदार ऐकून घेतो, मान हलवतो आणि म्हणतो, “वीस पावलं होती, तातेराव.” परांची त्याने रिवाजासाठी उतरवली हे खरे आहे. तिच्याकडे बघवत नव्हते म्हणून इतक्या जल्दी उतरवली, हेही खरे आहे.

कौसल्या तेव्हा खाली बादलीजवळ होती. तिने हाक ऐकली. त्या संध्याकाळी ती अर्जदाराला म्हणाली, “चाचा, म्या कुणालाच न्हाई सांगणार. लेकीला तर बिलकुल न्हाई.” आणि दुसऱ्या दिवशी गाठोडे घेऊन ती निघून गेली. साक्ष द्यायची तर हाकेचेही सांगावे लागेल, म्हणून ती गेली. अर्जदाराने तिला शोधले नाही. शोधायला हवे होते, असे तो आज म्हणतो. त्याच्या अब्रूसाठी ती बाई गायब झाली आणि त्याच्या जावयाची खाट तिच्याबरोबर गायब झाली.

१०. येथपर्यंत अर्ज लिहून झाला होता. परवानगी मिळावी ही विनंती लिहून, सही घेऊन, कागद आवक करायचा एवढेच राहिले होते. अर्जदार लिंबाखालच्या बाकावर आपल्या इमारतीकडे तोंड करून बसला होता. तो एकाएकी उठून उभा राहिला. लिहिणाराला वाटले त्याला चक्कर आली.

आपल्या इमारतीला सध्या बाहेरून रंग चालू आहे, हे साहेबांना ठाऊक असेलच. त्यासाठी आपल्या खिडकीबाहेर परांची बांधलेली आहे. तिच्या डाव्या बाजूच्या उभ्या बल्लीवर गुलाबी रंगाचे पाच ओघळ आहेत. ते बोटांचे आहेत. लिहिणाराने रस्ता ओलांडून स्वतः पाहिले. आपल्या इमारतीला रंग पिवळसर आहे, गुलाबी कुठेच नाही. वखारवाल्याने बल्ल्या चाळीस दिवस ठेवल्या की नाही ते अल्ला जाणे, पण त्या आता येथे आहेत. आपण मागितलेली मूळ परांची, तिचा निदान एक भाग, आपल्या खुर्चीपासून चार हातांवर उभा आहे. बल्ली उलटी लावल्यामुळे बोटांचे ओघळ खालून वर जाताना दिसतात; त्यावरून माणूस खाली न पडता वर गेला, असा निष्कर्ष पंचनाम्यात कृपया काढू नये.

त्या परांचीवर, आपल्या खिडकीच्या खालच्या कठड्याशी, डोक्याला निळा रुमाल बांधलेली एक बाई भिंतीच्या भेगांत लांबी भरत आहे. ती कौसल्या आहे. ज्याच्या नावाची आपली नोटीस धावड्याला जाऊन परत आली तो साक्षीदार आपल्या काचेबाहेर आहे.

लिहिणाराने आनंदाने अर्जदाराच्या पाठीवर थाप मारली. अर्जदाराने ती झटकली. तो खाली बघत होता.

११. साहेब, त्या परांचीला टेकू नाही. तो काढून आवाराच्या भिंतीला उभा केलेला आहे, कारण टेकूच्या जागी आपली गाडी उभी आहे. गाडी सावलीत लागावी म्हणून सकाळी टेकू काढला, असे वॉचमनने सांगितले. चावी ड्रायव्हरकडे आहे आणि ड्रायव्हर चहाला गेला आहे.

अर्जदार बल्लीवर दोन ठोके द्यायला धावला. वॉचमनने त्याला अडवले. तो त्याला चांगला ओळखतो, कारण कोणत्याही परांचीस हात लावू नये हे पत्र त्यानेच अर्जदाराच्या हाती दिले होते. वॉचमन म्हणाला, “हात लावायचा तर साहेबाची लेखी आणा.” रंगाच्या मुकादमाला सांगितले, तर तो म्हणाला, “चाचा, तुम्ही बांधलेल्या परांचीवरून माणूस पडला, अन् आम्हाला शिकवून राह्यले का?” लिहिणाराने स्वतः बल्लीपाशी जायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याचे टेबल उद्यापासून फाटकाबाहेर दिसणार नाही, असे त्याला ऐकवण्यात आले. आपण मीटिंगमध्ये आहात असे शिपाई म्हणतो. कागद मात्र आत जाऊ शकतो, असेही तो म्हणाला. म्हणून हा अर्ज नव्याने न उतरवता आहे तसा आत पाठवत आहोत.

अर्जदार पुन्हा फाटकापाशी उभा आहे, पुन्हा टेकू भिंतीला उभा आहे, आणि पुन्हा वरचा माणूस वाकलेला आहे. या वेळी बल्ली बारा पावलांवर आहे आणि मध्ये आपले पत्र आहे. त्याने या परिस्थितीत काय करावे, हे तो लिहिणाराला विचारत आहे.

तरी साहेबांस हात जोडून विनंती की, वर मागितलेली परवानगी आता नको. पुढीलप्रमाणे करावे :

हा कागद वाचताच एकदम उठू नये आणि खिडकी उघडू नये. ती बाहेरच्या बाजूला उघडते. कौसल्याला हाक मारू नये. साक्षीदार सापडला म्हणून कितीही आनंद झाला तरी तिचे नाव मोठ्याने घेऊ नये. तिने काचेतून आपल्याकडे पाहिलेच तर शांतपणे बसून राहावे. शिपायाला जिन्याने खाली पाठवावे. त्याने डावीकडच्या, गुलाबी बोटांच्या बल्लीवर दोन ठोके द्यावेत. जोराने नको, दार वाजवतात तसे. ती आधी बल्ली धरेल, मग खाली बघेल, मग उतरेल. तिला ठाऊक आहे, तिला ते अर्जदारानेच शिकवले आहे.

ती जमिनीवर आल्यानंतर तिचा जबाब घ्यावा. ती जे सांगेल ते सर्व अर्जदाराला मान्य आहे, हाकेसह. तो जबाब महजबीनला वाचून दाखवला तरी त्याची हरकत नाही. बल्लीवरच्या बोटांचा पंचनामा करावा आणि अबुबकर उंचीवरून पडला एवढी ओळ लिहावी. परांची संध्याकाळच्या आत उतरवावी की पुरावा म्हणून उभी ठेवावी, हे साहेबांनी ठरवावे; अर्जदाराला आता त्यातले काही कळेनासे झाले आहे.

घाईत काही अधिकउणे लिहिले गेले असल्यास पोटात घालावे.

आपल्या खिडकीखाली उभा असलेला,
लालमियाँ वल्द उस्मानमियाँ
(सही उर्दूत)

स्थळ : जालना, कार्यालयाचे फाटक
दिनांक : १७ फेब्रुवारी २०२६, दुपारी बारा वाजून दहा मिनिटे

सोबत :
१) दवाखान्याचे कागद, झेरॉक्स.
२) पंचनाम्याची प्रत.
३) काथ्याच्या दोराचा हातभर तुकडा. मातीत पुरलेला होता. पुरलेला दोर उकरू नये असा रिवाज आहे, तो अर्जदाराने मोडला आहे.

लिहिणाराची टीप : अर्जदाराने सही केली, कागद माझ्या हातात दिला आणि तो वॉचमनने आखून दिलेल्या रेषेपर्यंत जाऊन उभा राहिला. तो वर बघत आहे. बाई अजून वरच आहे. त्याने गळ्यातला रुमाल काढून आपल्या तोंडात घट्ट धरला आहे.